हेस्टरच्या आधी

आई गेल्यापासून रविवारचं जेवण अबेनाच्या घरी होई. तसं कुणी ठरवलं नव्हतं. दफन आटोपून परतल्यावर सगळे मुकाट्याने तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसले, पुढच्या रविवारीही आले, आणि चार वर्षांत ती प्रथा झाली. टॉलिव्हरांच्या घरात प्रथा अशाच पडत. एकदा केलं की ती चूक, दोनदा केलं की सवय, आणि तिसऱ्यांदा केलं की डॅडी तिला पूर्वजांचा वारसा म्हणत.

अबेनाने ओव्हनचं दार उघडून कोंबडी पाहिली, दार लावलं, आणि गुडघ्यावर हात टेकून सरळ उभी राहिली. सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांना आता हे नको असे. शाळेचे शेवटचे दोन आठवडे चालू होते. बॉयलर बिघडला होता, दुसरीच्या शिक्षिकेला दिवस गेले होते, आणि शनिवारी 'उंबरठा' होता. तेरा वर्षांची झालेली सहा मुलं डॅडींनी काढलेली 'मिझीझी', म्हणजे स्वाहिलीत 'मुळं', ही शाळा सोडून मोठ्या शाळेत जाणार होती. त्याआधी त्यांना वडीलधाऱ्यांसमोर उभं राहून आपली पिढ्यांची माळ म्हणायची होती. शाळा सुरू होऊन एकावन्न वर्षं झाली होती. त्यातली तेवीस वर्षं अबेना मुख्याध्यापिका होती, आणि दर वर्षी मे महिन्यात तिला वाटे, पुढच्या वर्षी कुणी दुसऱ्याने हे करावं.

सकाळीच धाकट्या बहिणीचा, थांडेकाचा, फोन आला होता.

"ताई, नलेदीला आज काहीतरी बोलायचंय. सगळ्यांसमोर."

"काय बोलायचंय?"

"मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. तिने शब्द घेतलाय."

"तू तिची आई आहेस की वकील?"

"आज दोन्ही. जेवणाआधी बोलू दे की नंतर?"

"नंतर. उपाशी माणसं ऐकत नाहीत, नुसती चिडतात."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, विचारायला हवं होतं. मग वाटलं, नकोच. आज जे काय येणार असेल ते येईलच. ते घेऊन यायला सगळ्यांना हेच स्वयंपाकघर सापडतं.

मागच्या दाराने रसेल आला. हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेलं मोठं पुडकं.

"माझं जेवण मी आणलंय, बेना."

"रसेल, डुकराच्या बरगड्या? परत?"

"पायरीवर बसून खातो."

"डॅडींना वास येतो."

"छप्पन्न वर्षं येतोय. एखाद्या रविवारी आला नाही तर त्यांना वाटेल, पोरगा मेला."

रसेल एकसष्ट वर्षांचा. गिअरबॉक्सच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, उजव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला. तिघा भावंडांत आफ्रिकी नाव नसलेला तो एकटा. तो जन्मला तेव्हा डॅडी टपाल खात्यात रात्रपाळी करणारे साधे लुशस टॉलिव्हर होते. सदुसष्ट साली काळ्या वस्तीतल्या दंगलीत डेट्रॉइट जळलं, डॅडी पुस्तकं वाचू लागले, आणि अडुसष्टमध्ये मंगळवारी झालेल्या मुलीचं नाव त्यांनी घानाच्या किनाऱ्यावरच्या रीतीने वाराप्रमाणे ठेवलं : अबेना. डुकराचं मांसही त्याच सुमारास घराबाहेर गेलं. पुढे शाळा निघाली तेव्हा रसेल दहा वर्षांचा होता, आणि तळघरात फक्त लहानांचा वर्ग. त्याने तिथला केर काढला, खुर्च्या मांडल्या, पण त्यांतल्या एकाही खुर्चीत तो कधी बसला नाही. "मी आफ्रिकेच्या आधीचा," असं तो सगळ्यांना हसत सांगे. हसत सांगे म्हणून कुणी त्यावर कधी बोललं नाही.

डॅडी पुढच्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. डोक्याला विणलेली गोल टोपी, अंगात मे महिन्यातही लोकरीचं जाकीट, मांडीवर पुस्तक, हातात भिंग. शहाऐंशी वर्षांचा तो माणूस आता इतका हलका झाला होता, की गाडीतून उतरवताना अबेनाला शाळेतल्या पोरांची आठवण होई.

"शनिवारची तयारी झाली?" त्यांनी पुस्तकातून मान वर न करता विचारलं.

"होतेय, डॅडी."

"मुलं घाबरली नाहीत ना? घाबरू देऊ नकोस. घाबरलेलं मूल पाठ केलेलं म्हणतं, आपलं म्हणत नाही."

हे वाक्य अबेनाने त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं याला मोजमाप नव्हतं. खरं तर ते वाक्य खरंच होतं. ऐकून ऐकून झिजलं होतं, एवढंच.

थांडेका आणि नलेदी आल्या तेव्हा मक्याचा पाव कापून झाला होता. थांडेका धाकटी, त्रेपन्नाची, पेशाने वकील. शहराच्या हद्दीबाहेर तिचं घर, तिथल्या शाळा चांगल्या, तरी लेकीला रोज चाळीस मिनिटं गाडी हाकून ती मिझीझीत आणून सोडे. नातवंडांतलं शाळेत उरलेलं हे शेवटचं मूल. नलेदी उंच झाली होती. केसांच्या बारीक वेण्या मागे बांधलेल्या, चश्मा नाकावर घसरलेला. तिने आजोबांच्या गालाला गाल लावला आणि त्यांचं भिंग आपल्या स्कार्फने पुसून दिलं. मग अबेनाकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली.

जेवणं झाली. कोलार्डची पालेभाजी, चिजातली मॅकरोनी, कोंबडी. रसेल मागच्या पायरीवरून हात धुऊन आत आला आणि तोंड पुसत म्हणाला, "आता थोडं पवित्र काहीतरी वाढ." डॅडींनी ऐकलंच नाही असं केलं. मग त्यांनी पाण्याचा पेला घेतला आणि खिडकीतल्या कुंडीत थोडं थोडं पाणी ओतत गेलेल्या एकेकाचं नाव घेतलं. आईचं नाव, ओडेसा, त्यांनी नेहमीसारखं सगळ्यात शेवटी घेतलं आणि पेला तिथे जरा जास्त वाकवला.

"हे तिसरं झाड आहे त्या कुंडीतलं," रसेल पुटपुटला. "पहिली दोन पूर्वजांनी पाजून पाजून मारली."

थांडेका हसली. अबेनालाही हसू आलं, आणि तिला वाटलं, आज एवढ्यावरच निभावलं तर किती बरं.

"चला," डॅडी म्हणाले. "माळ ऐकू."

उंबरठ्याच्या आधीच्या रविवारी घरच्यांसमोर एकदा माळ म्हणून दाखवायची, ही रीत. नलेदी उठून टेबलाच्या टोकाला उभी राहिली. डॅडींनी भिंग बाजूला ठेवलं, पाठ ताठ केली. त्यांच्या आवाजात एरवी नसलेला जोर आला.

"तू कोण?"

"मी नलेदी. माझ्याआधी माझी आई, थांडेका."

"त्याच्याआधी?"

"तिचे वडील, लुशस. डेट्रॉइटला आले, शाळा काढली."

"त्याच्याआधी?"

"त्यांचे वडील, एझ्रा. साऊथ कॅरोलायना. कापूस आणि सुतारकाम."

"त्याच्याआधी?"

"एझ्राची आई, लव्हिनिया. तिच्याआधी तिचा बाप, प्रिन्स. जन्माने गुलाम, सातव्या वर्षी मोकळा झाला. त्याच्याआधी त्याची आई, हेस्टर."

"त्याच्याआधी?"

नलेदी थांबली.

रसेलला वाटलं, पोरगी अडकली. सगळेच करतात तसं त्याने हळूच सुचवलं, "को..."

"विसरले नाही, मामा."

"मग बोल की. केक वाट पाहतोय."

"हेस्टरच्या आधी कोण, ते मला माहीत नाही, बाबा."

शाळेतली सगळी मुलं डॅडींना बाबा म्हणत, तशीच नलेदीही. तो शब्द तिने आज फार जपून उच्चारला, काठोकाठ भरलेला पेला टेबलावर ठेवावा तसा.

डॅडी हसले. "हेस्टरच्या आधी तिचा बाप, कोबीना. लोहार. जहाजातून आला. पहिलीतल्या मुलालाही येतं."

"हो. मलाही पहिलीत आलं."

अबेनाने टेबलाची कड धरली. तिला कळलं. नक्की काय ते कळलं नाही, पण कोणत्या दिशेने येतंय ते कळलं. रस्त्यावर झोपलेल्या माणसाला जमिनीतून गाडी कळते, तसं.

कोबीना शाळेत सगळीकडे होता. जुन्या बँकेच्या इमारतीत शाळा भरे, आणि दारातून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर तो होता : उघडी छाती, हातात हातोडा, मागे समुद्र. त्याची गोष्ट दर वर्षी नाटक होऊन रंगमंचावर येई. ज्या मुलांच्या माळेत दोनतीनच नावं असत, आईच्या आधी कोण हेही ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनी शेवटी कोबीनाचं नाव घ्यायचं, असा नियम डॅडींनी पहिल्याच वर्षी घातला होता. कोबीना सगळ्यांचा. त्याचं नाव घेतलं की वडीलधारे एका आवाजात म्हणत, "पोचलास." "पोचलीस." एकावन्न वर्षं मुलं त्याच्यापाशी पोचत होती.

"तुम्हीच भिंतीवर लिहून ठेवलंय, बाबा," नलेदी म्हणाली. "मूळ कागद पाहा, मूळ आवाज ऐका. म्हणून मी आपल्या घरच्या सगळ्या कॅसेट ऐकल्या. तिजोरीतल्या."

बँकेची तिजोरी म्हणजे शाळेचं ग्रंथालय.

"एक तुटलेली होती. पर्ली आजीची, चौऱ्याहत्तर सालची. वाचनालयातल्या काकांनी फीत जोडून दिली."

पर्ली म्हणजे लव्हिनियाची धाकटी बहीण. हेस्टर तिची सख्खी आजी. हेस्टरला डोळ्यांनी पाहिलेलं शेवटचं माणूस.

"त्या म्हातारीनेच डॅडींना कोबीनाची गोष्ट सांगितली," रसेल म्हणाला. "हे काय नवीन आहे?"

नलेदीने फोन टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग दूरवर कोंबडा. मग डॅडींचा आवाज आला, पस्तीस वर्षांच्या माणसाचा, भरलेला, घाईतला. अबेना तो आवाज विसरून गेली होती.

"हेस्टर आजीचा बाप कोण होता, पर्ली आजी?"

"मला काय ठाऊक."

"ती कधी बोलली नाही? जहाजाचं? पलीकडचं?"

"लुशस, तिला काही विचारलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. माझ्या आईने एकदा विचारलं, तर दोन दिवस जेवली नाही. आम्ही विचारणं सोडलं."

"एखादं नाव? एखादा शब्द?"

"नाही रे बाबा. किती वेळा विचारशील? नाही."

खरखर. शेंगा सोलल्याचा आवाज. मग अगदी जवळून, यंत्राला तोंड लावल्यासारखा, एका लहान मुलीचा आवाज : "तिला आई नव्हती का?"

म्हातारी हसली. "असणार गं पोरी. सगळ्यांना असते. उकडलेल्या शेंगा खा, गरम आहेत."

खट् करून फीत थांबली.

बाहेर कुणाच्या तरी गाडीत मोठ्याने गाणं लागलं होतं, ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन विरलं.

"मी शनिवारी कोबीनाचं नाव घेणार नाही," नलेदी म्हणाली. "मला ते जमणार नाही. भांडण म्हणून नाही, बाबा. खरंच जमणार नाही."

डॅडी फोनकडे पाहत होते.

बोलला तो रसेल, आणि तो अशा आवाजात बोलला की थांडेकाने दचकून वर पाहिलं.

"घेणार नाही म्हणजे? तू कोण लागून गेलीस, प्राध्यापकीणबाई? एक फीत ऐकली आणि झाली शहाणी?"

"दादा, तिच्याशी नीट बोल," थांडेका म्हणाली. "तिने चोरी केलेली नाही. खरं शोधलंय."

"तुझ्या कोर्टात ठेव ते खरं! ब्याण्णव साली माझा हात प्रेसमध्ये गेला." त्याने तीन बोटांचा पंजा टेबलावर ठेवला. "यंत्र बंद करून हात सोडवायला अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत मी कुणाला हाक मारली असेल? येशूला? आईला? मी म्हणत होतो, कोबीना लोहार होता, त्याला लोखंड ओळखायचं, कोबीना लोहार होता. मला माळ म्हणायला कुणी उभं केलं नाही कधी. मी केर काढताना ऐकून ऐकून शिकलो. आणि आता ही चश्मेवाली मला सांगते, तो नव्हताच?"

अबेना भावाकडे बघत राहिली. आयुष्यभर या शाळेची टर उडवणारा हा माणूस. इतक्या वर्षांत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. डॅडींनाही नाही.

"मामा," नलेदी म्हणाली, "तो नव्हता असं मी म्हणत नाही. हेस्टरला बाप असणारच. पण तो कोबीना होता हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही."

"आणि डेजनेचं काय?" अबेनाने विचारलं. मुख्याध्यापिकेचा प्रश्न तिच्या तोंडून आपोआप आला. डेजने शनिवारच्या सहांतली एक. चार घरं बदलून आता पाचव्या, परक्या घरी वाढणारी. "तिच्या माळेत ती आहे, तिच्या आईचं नाव आहे आणि त्यानंतर थेट कोबीना. तिने काय म्हणायचं?"

"तिला माहीत आहे. फीत तिने माझ्याबरोबरच ऐकली."

"काय म्हणाली?"

"आधी काहीच नाही. मग म्हणाली, म्हणजे तुझं पण पुढे कोरंच आहे. माझ्यापेक्षा पाच नावं जास्त, बस. मग आम्ही दोघी हसलो." नलेदीने चश्मा वर केला. "मग ती रडली थोडी."

"बघ!" रसेल म्हणाला.

"रडली, मामा. पण तीही नाही घेणार म्हणते नाव."

थांडेका भावाकडे वळली. "दादा, पोरं लहान नाहीत. त्यांना आपणच शिकवलं, की तुमच्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं तसंच गिळू नका, विचारा. आता त्यांनी आपल्याला विचारलं."

"दुसऱ्याला विचारा म्हणालो होतो," रसेल म्हणाला. "आपल्या म्हाताऱ्याला नाही." पण त्यातला जोर गेला होता. त्याने पंजा टेबलाखाली घेतला.

नलेदी अजून बसली नव्हती. ती अबेनाकडे पाहत होती. आल्या आल्या काढून घेतलेली नजर तिने आता परत आणली होती.

"मावशी, फितीतली ती लहान मुलगी तूच ना?"

अबेनाला उत्तर तयार होतं. सहा वर्षांची होते, काही आठवत नाही. तेवीस वर्षांत पालकांना, देणगीदारांना, तपासनीसांना याहून अवघड उत्तरं तिने पापणी न लववता दिली होती. पण ती थकली होती, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"हो," ती म्हणाली.

"तुला आठवतं?"

"त्या शेंगांची चव आठवते. मिठाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं." ती डॅडींकडे न बघता बोलत राहिली. "परत आल्यावर तीन आठवड्यांनी शाळा सुरू झाली. तळघरात सात मुलं. डॅडींनी कोबीनाची गोष्ट सांगितली. पर्ली आजीने सांगितली म्हणाले. मला वाटलं, मी झोपल्यावर सांगितली असेल. मी लवकर झोपायचे. बरीच वर्षं मी तसंच धरून चालले. मग एकदा कधीतरी कळलं, की मला मुळापासून माहीत होतं. तेव्हा मी शिकवायला लागून दहा वर्षं झाली होती."

"आणि शिकवत राहिलीस?" हे थांडेकाने विचारलं. त्यात आरोप नव्हता, तरी तो लागला.

"तू सांग, कुठल्या वर्षी थांबायला हवं होतं? प्रत्येक वर्षी समोर एखादी डेजने असायची."

डॅडींनी मान वर केली. "बेना, तुला ठाऊक होतं?"

"हो, डॅडी."

"एवढी वर्षं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही का नाही बोललात?"

म्हाताऱ्याने भिंग हातात घेतलं, उलटं केलं, परत ठेवलं. बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की सगळ्यांना पुढे झुकावं लागलं.

"मी हजार मैल गाडी हाकत गेलो होतो. टपाल खात्यातून सुट्टी मिळत नव्हती, आजारी आहे म्हणून सांगितलं. वाटलं होतं, एक नाव घेऊन येईन. एकच. त्या सात मुलांत एक पोरगी होती, तिला स्वतःच्या आधीचं कुणीच ठाऊक नव्हतं. तिला काय देऊ? येताना केंटकीत गाडी बाजूला लावली. पुढे जावेना. आरशात पाहिलं, तर तू मागच्या सीटवर झोपली होतीस. तोंड उघडं, हाताला मीठ." त्यांनी अबेनाकडे पाहिलं. "तू मंगळवारची. म्हटलं, तोही मंगळवारचा असू दे. मंगळवारचा मुलगा कोबीना. लोक म्हणतात, मी तुझं नाव त्याच्यावरून ठेवलं. मी त्याचं नाव तुझ्यावरून ठेवलं."

भिंतीवरचा तो हातोडेवाला, ज्याच्या समोरून ती रोज सकाळी सातला कुलूप उघडून आत जाई, ज्याच्यापुढे शेकडो मुलांना तिने उभं केलं, तो तिच्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा होता.

"मला वाटलं, एक वर्ष वापरू," डॅडी म्हणाले. "खरं नाव सापडलं की हे काढून टाकू. मी शोधत होतो, बेना. शिरगणतीची बाडं पाहिली, विक्रीचे कागद पाहिले. जनगणनेच्या कागदावर हेस्टर आहे, वय चाळीस, लिहितावाचता येत नाही. त्याच्या मागे काही नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी सांगू. मग तो इतका आपला झाला, की मला स्वप्नात दिसायला लागला. स्वप्नात मी त्याला विचारलंय, तू आहेस ना?"

"काय म्हणाला?" रसेलने विचारलं. त्याला खरंच ऐकायचं होतं.

"हातोडा मारत होता. ऐकू गेलं नसेल."

कुणी हसलं नाही. थांडेकाने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. अबेना उठली, केक कापला, पाच बशांत घातला, आणि कुणीच चमचा उचलला नाही. तिच्या डोक्यात शनिवार फिरत होता. दीडशे माणसं येतील. जुने विद्यार्थी येतील, पन्नाशी ओलांडलेले, आपापली पोरं घेऊन. नलेदी हेस्टरपाशी थांबेल, आणि वडीलधाऱ्यांच्या खुर्चीत बसलेला हा माणूस तिला 'पोचलीस' म्हणेल का? तो म्हणाला नाही, तर मुलगी उंबरठ्यावर तशीच उभी राहील. तो म्हणाला, तर इतकी वर्षं तो म्हणत आला त्याचं काय?

"परत म्हण," डॅडी एकाएकी म्हणाले.

"बाबा, राहू दे आज," नलेदी म्हणाली. आता ती तेरा वर्षांची दिसत होती.

"म्हण. प्रिन्सपासून."

नलेदीने आईकडे पाहिलं. थांडेकाने मान हलवली.

"प्रिन्स. जन्माने गुलाम, सातव्या वर्षी मोकळा. त्याच्याआधी त्याची आई, हेस्टर."

"त्याच्याआधी?"

"माहीत नाही, बाबा."

"त्याच्याआधी?" त्यांचा आवाज आता खुर्चीतला नव्हता. फितीवरचा होता, घाईतला, विनवणारा.

नलेदीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण तिने मान खाली घातली नाही. "माहीत नाही."

रसेलने तोंड फिरवलं.

"मलाही नाही," डॅडी म्हणाले.

एवढं बोलून ते खुर्चीत मागे टेकले, आणि त्यांची टोपी एका बाजूला सरकली. कुणी ती नीट केली नाही. मग त्यांनी अबेनाचं मनगट धरलं. तिला वाटलं, उठायचं असेल. ती वाकली.

"शनिवारी खुर्चीत तू बस," ते म्हणाले. "तू विचार मुलांना."

"डॅडी, खुर्ची तुमची आहे."

"नाही, तूच विचार. मी विचारलं, तर मला उत्तर हवंसं वाटेल."